दत्तारामचे राहिलेले पाच सूर

मंगळवार, दुपारी बारा चाळीस. डिलाईल रोडवरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरची ध्वनिमुद्रणाची खोली. आत तिघे : मी, ध्वनिमुद्रक विनीत आणि सुभद्राबाई. दार बंद, पंखा बंद. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, त्यामुळे खालचा रस्ता जणू पुसून टाकलेला.

मी भांडायलाच गेलो होतो. सुभद्राबाईंचे यजमान दत्ताराम गिरणी सुटल्यापासून लग्नांत सनई वाजवून जगले. एका कंपनीने त्यांची सनई सॅम्पलरमध्ये भरायला घेतली. एकेक सूर सुटा वाजवायचा, तो यंत्रात साठवायचा. मग कुणीही कीबोर्डची पट्टी दाबली की दत्तारामची सनई. वरचे पाच सूर राहिले आणि माणूस गेला. आठवडा झाला नाही तोच कंपनीचा हुकूम : शेजारचे सूर ताणून जागा भरा, वर नाव त्यांचंच घाला. बातमीदारीत तीस वर्षं काढली. एवढा निर्लज्जपणा क्वचित पाहिला.

"हेनी वाजवलेला नाय, ता हेंच्या नावार कित्याक?" सुभद्राबाई म्हणाल्या. न वाजवलेलं त्यांच्या नावावर नको, एवढंच मागणं होतं.

"मला तरी कुठे पटतंय, काकी," विनीत म्हणाला. "ठेवतो रिकामे. बोंबलू दे त्यांना."

"लिहून देशील?" मी विचारलं.

"साहेब, पेपरात छापा हवं तर!"

पडद्यावर भरलेल्या सुरांचे चौकोन हिरवे होते, शेवटचे पाच काळे. त्याने त्या पाचही पट्ट्या दाबून दाखवल्या. काही वाजलं नाही. मग तो राहिलेली साफसफाई करू लागला. प्रत्येक सुराआधी दत्तारामांनी घेतलेला श्वास कापायचा होता.

"कापू नको रे. ऐकांदे."

त्याने हात थांबवला. गिरणीतल्या कापसाने खाल्लेल्या छातीचा तो घरघरता श्वास खोलीभर पसरला. आठवडाभर खोलीत एकटीच झोपणारी ती बाई डोळे मिटून ऐकत राहिली. तिने नकळत हात पुढे केला आणि काळ्या चौकोनाची पट्टी दाबली.

श्वास आला. मागोमाग सूर.

"काकी... ती रिकामी आहे..."

चौकोन हिरवा झाला होता. विनीतचे दोन्ही हात मांडीवर होते. माइक खोक्यात.

तिने पुढची दाबली. श्वास आखूड. तिसरी. चौथ्या वेळी सुराआधी नुसती धाप.

"पुरे करा, बाई..." मी कुजबुजलो.

"दमले ते..." ती म्हणाली आणि पाचवी दाबली.

स्वच्छ, लांब, न थरथरणारा सूर. तिने बोट उचललं तरी तो चालूच राहिला. मग थांबला. सुभद्राबाईंनी पदराने चेहरा पुसला.

"हेंचाच आसा. ऱ्हवांदे."

ती सनई आता बाजारात आहे. सूर ताणले, असं कंपनीने मला लेखी कळवलं. मी ते पाच सूर वडाळ्याच्या एका ध्वनितज्ज्ञाकडून तपासून घेतले. ताणलेला एकही नाही. पहिल्या चारांआधी श्वास आहे, आणि चारही श्वास आधीच्या मुद्रणात कुठेच सापडत नाहीत. पाचव्याआधी श्वासच नाही. कापल्याची खूणही नाही.

तो सूर अकरा सेकंदांचा आहे. तो कुणी फुंकला, असं मी कंपनीला तीनदा विचारलं. उत्तर आलेलं नाही.