आतून लावलेली कडी

त्या दिवशी मी मागच्या खोलीत गेलो तो कुलपांचा डबा द्यायला. एवढंच काम होतं. डबा ठेवायचा आणि परत दुकानात येऊन बसायचं.

माझं कुलपांचं दुकान आहे. पन्नास वर्षं किल्ल्या घासल्या, लोकांची अडकलेली दारं उघडून दिली. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर असू द्या, मी काही बक्षीस मागायला आलेलो नाही. दुकानाच्या मागे घर, घराच्या मागे एक खोली. ती खोली चिमीने घेतली होती. चिमी म्हणजे माझी पुतणी, मेलेल्या धाकट्या भावाची मुलगी. पस्तिशीची झाली तरी मी चिमीच म्हणतो. चार वर्षांची होती तेव्हापासून मीच वाढवली. माझं लग्न झालं नाही, दुसरं कुणी नाही. म्हातारपणी पाणी द्यायला ती आहे, हा एकच हिशेब मी मनाशी धरून होतो.

चिमी आणि तिचे दोन दोस्त मिळून टीव्हीवरचा खेळ बनवत होते. एक चष्मेवाला, तो आवाज बघायचा. दुसरा लांब्या, तो चित्रं काढायचा. ह्याला ते कंपनी म्हणायचे. तीन माणसं, चार खुर्च्या आणि वायरींचं जंजाळ. आवाज पकडायचे म्हणून त्यांनी खिडकीत गाद्या कोंबल्या होत्या, भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या. भर दुपारी दोन वाजता आत काळोख. बाहेरचा आवाज आत येत नसे, आतल्या आवाजालाही लगेच मरण. त्या खोलीत खोकलं की आपलाच खोकला कुणी तोंडावर हात ठेवून दाबल्यासारखा वाटायचा. जुन्या कापसाचा आणि तापलेल्या वायरींचा वास.

खेळ असा. एक घर. त्यात चार बाहुल्या, मोठ्या डोक्याच्या, मान नसलेल्या. लाल, पिवळी, हिरवी, निळी. चौघांच्या हातात एकेक दोन शिंगांचा रिमोट. भोंगा झाला की सगळ्यांनी एका खोलीकडे पळायचं. ढकला, पाडा, पाय ओढा, काहीही करा. तिघी आत शिरल्या की पहिली आलेली कडी लावते. जी बाहेर राहिली ती दार बडवते, मग मागून काळोख येतो आणि तिला गिळतो. की परत सुरू. ह्याच्यावर ही तीन मोठी माणसं पोट धरून हसायची.

खेळाला चौघे लागतात आणि हे तिघे. म्हणून मला बसवलं. मी चार दिवस बसलो. निळी बाहुली माझी. दर डावाला बाहेर मीच. बोटं कुठे चालतात ह्या वयात? मी शिव्या घातल्या तर चष्मेवाला म्हणाला, आजोबा, ह्या पण रेकॉर्ड करू या. मी रिमोट खुर्चीवर आपटला आणि सांगितलं, ज्यांना कामधंदा नाही त्यांनी हे खेळावं. उठून गेलो. त्यानंतर चौथी खुर्ची रिकामीच राहिली.

तर कुलपांचा डबा, त्यात कड्याही होत्या. चष्मेवाल्याला कडीचा आवाज हवा होता. खोटा नको, खऱ्या लोखंडाचा. मी एकेक कडी फळीवर ठोकून दिली, त्याने एकेक सरकवून पाहिली. कुठलीच पसंत पडेना. ही पत्र्यासारखी वाजते, ही खेळण्यातली वाटते. मी ऐकून घेत होतो. पन्नास वर्षं ह्या धंद्यात घालवल्यावर एक चष्मा लावलेला पोरगा माझ्या मालाला खेळण्यातला म्हणतो. डोकं सणकलं. म्हटलं, थांब, तुला कडी दाखवतो.

माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली एक कडी होती. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड. आमच्या घराच्या पुढच्या दाराची. एकतीस वर्षांपूर्वी मी ते दार काढून टाकलं, कडी तेवढी ठेवली. लोखंड चांगलं होतं, फेकवलं नाही. ती मी कधी काढायला नको होती. पण ताठा. मी ती फळीवर ठोकली, भिंतीला टेकवून ठेवली आणि चष्मेवाल्याच्या माइकसमोर सरकवली.

खर्रर्र... खट्.

चष्मेवाल्याने नुसता अंगठा वर केला. चिमी तेव्हा खोलीच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, कडीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात एका गिऱ्हाइकाची किल्ली घासत होतो. मागून हसण्याचा आवाज येत होता, मग भोंगा, मग ती कडी. खर्रर्र, खट्. आणि त्याच्यानंतर दार वाजलं.

कसं वाजलं ते नीट सांगतो. आधी बोटांच्या पेरांनी दोनदा. टक, टक. मग थोडा वेळ काही नाही. मग उघडा तळवा दारावर पडतो आणि दारावरून खाली घासत जातो. सावकाश. अगदी खालपर्यंत.

कानस माझ्या हातातून निसटली, अंगठा कापला. गिऱ्हाइकाला म्हटलं, उद्या ये.

आत गेलो तर तिघे तीन खुर्च्यांवर. चौथ्या खुर्चीवर रिमोट, मी आपटून गेलो होतो तसाच पालथा. टीव्हीवर लाल, पिवळी, हिरवी आत. निळी बाहेर, दाराला टेकून खाली बसलेली. मी विचारलं, दार कुणी वाजवलं. चष्मेवाला म्हणाला, अजून वाजवायचा आवाज घातलाच नाहीये आजोबा, तो उद्या करणार. लांब्या म्हणाला, आणि ही बसते कशी? बसलेली बाहुली मी काढलेलीच नाही. मग दोघं तू काहीतरी बिघडवलंस, तू बिघडवलंस करत एकमेकांची टिंगल करू लागले.

चिमी हसली नाही.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. माझा धाकटा भाऊ प्यायचा. बायको गेल्यापासून जास्तच. रात्री यायचा, भांडी फोडायचा, पोरीला उठवून रडत बसायचा. मी तीनदा सांगितलं होतं, पुन्हा असा आलास तर दार उघडणार नाही. चौथ्यांदा तो आला ती थंडी अशी होती की बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला होता. मी कडी लावली. त्याने दोनदा वाजवलं. मी अंथरुणात जागा होतो. मग त्याचा हात दारावरून खाली गेला. मला वाटलं, बसू दे, सकाळी शुद्धीवर येईल. मी शिस्त लावत होतो, दुसरं काही नाही.

उजाडायच्या आधी दार उघडलं. तो ताठ झाला होता. मी त्याला उचलून कोपऱ्यावरच्या नळापाशी नेऊन ठेवलं. दूधवाल्याने आरडाओरडा केल्यावर सगळ्यांबरोबर मीही धावलो. लोकांना म्हटलं, घरापर्यंत आलाच नाही हो, वाटेतच पडला. चिमीलाही तेच सांगितलं. तिने कधी काही विचारलं नाही. कळती झाल्यापासून माझं जेवण तिच्या हातचं, आणि तिच्या लेखी मी तिच्या बापाच्या जागी. ते मला घालवायचं नव्हतं. त्या थंडीत दाराशी काय झालं ते फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक मेलेला.

मी चष्मेवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, ती कडी माझी आहे, तिचा आवाज काढून टाक. तो म्हणाला, आठवड्याने खेळ लोकांना दाखवायचा आहे आणि अख्ख्या खेळात तोच आवाज बरा आहे. मी म्हटलं, नाही काढलास तर खोली रिकामी करा. तेव्हा त्याने तोंड वाकडं करून काढला. दुसऱ्या एका कडीचा घातला, माझ्यासमोर. संध्याकाळी मी दुकानाची फळी लावत होतो आणि मागून आलं.

खर्रर्र... खट्. टक, टक.

मी कानात बोटं घातली. तळव्याचा आवाज तरीही ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघे जेवायला बाहेर गेले असं वाटून मी त्या खोलीत शिरलो. हातात हातोडा होता. काय फोडायचं ते ठरलं नव्हतं, टीव्ही की कडी. टीव्ही चालू होता, तेवढाच उजेड. घरात तीन बाहुल्या बंद दाराआड. निळी बाहेर. कुणी खेळत नव्हतं, तरी निळीचं डोकं दारावर हळूहळू आपटत होतं.

मी हातोडा खाली ठेवला. खुर्चीवर बसलो आणि लाल बाहुलीचा रिमोट घेतला. तिला दारापाशी नेली. म्हटलं, उघडून टाकू एकदाचं. एक बटण दाबलं, ती उडी मारते. दुसरं दाबलं, ती शेजारणीला ढकलते. सगळी बटणं दाबली, दोन-दोन एकत्र दाबली. पन्नास वर्षं लोकांची दारं उघडली मी. हे उघडेना.

"काढता येत नाही, काका."

चिमी मागे भिंतीशी बसली होती. गोधडीला पाठ लावून, काळोखात. कधीपासून ते माहीत नाही.

"कडी लावता येते," ती म्हणाली. "काढायचं बटण मी ठेवलंच नाही."

मी विचारलं, असला घाणेरडा खेळ सुचला तरी कसा. माझा आवाज त्या खोलीत नीट निघालाही नाही.

"सुचला नाही. मी जागी होते..."

मी रिमोट मांडीवर ठेवला.

"तुम्ही माझ्या अंगावर हात ठेवलात. म्हणालात, वारा आहे, झोप." ती अगदी शांत बोलत होती, मला औषधाची वेळ सांगते तशी. "बाबांच्या एकाच पायात बूट होता, नळापाशी. दुसरा आपल्या उंबऱ्यावर होता. मी पाहिला. तुम्ही तो चुलीत घातलात. आठवडाभर घरात चामड्याचा वास होता, काका."

टीव्हीवर निळीचं डोकं आपटायचं थांबलं.

"मला भांडायचं नाहीये," ती म्हणाली. "एकदा खरं सांगा. कोण होतं दाराशी? तुम्ही सांगितलंत तर मी इथेच राहीन. ह्या खेळात दार उघडायचं बटणही घालीन. आत्ता, तुमच्यासमोर."

त्या खोलीत घड्याळाचाही आवाज येत नाही. जीभ उचलत होतो. खोटं नाही सांगत, मी खरंच उचलत होतो. पण एकतीस वर्षं एकाच जागी बसलेलं लोखंड, ते गंजाने धरलेलं असतं.

"वारा होता," मी म्हणालो.

ती उठली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहान पोराच्या फिरवतात तसा. त्याच्यापेक्षा तिने तोंडात मारली असती तरी चाललं असतं.

दोन दिवसांत तिघांनी सामान हलवलं. गाद्या नेल्या, गोधड्या नेल्या, वायरी नेल्या. चिमीने पत्ता ठेवला नाही. आता भाकरतुकडा मीच करतो. खेळ निघाला म्हणतात, घराघरांत चालतो म्हणतात. परवा न्हावी दाढी करताना सांगत होता, पोरं दिवसभर त्या खेळात असतात, खिदळत असतात, पण तेव्हापासून घरातलं एकही दार लावू देत नाहीत. मोरीचंसुद्धा. विचारलं तर सांगत नाहीत. मी म्हटलं, ठोका दोन. त्याने वस्तरा धुतला आणि म्हणाला, दिल्या ठेवून.

खोलीत त्यांनी एकच वस्तू सोडली. ती फळी, कडी ठोकलेली. भिंतीला टेकवलेली आहे. मागे भिंत आहे, नुसती भिंत, भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या बुजवलेल्या विहिरीची जागा. मी ती कडी रोज दुपारी उघडी करून येतो. दुसऱ्या दिवशी लागलेली असते. ह्याला मी आता घाबरत नाही. सवय होते माणसाला.

पण आज दुपारी मी उघडायला हात घातला आणि पलीकडून वाजलं. दोनदा, पेरांनी. मी हात तसाच ठेवून उभा राहिलो. पुढचं मला पाठ आहे, तळवा वर पडणार आणि खाली घासत जाणार.

तो आवाज आज खालून सुरू झाला. जमिनीपासून. आणि सावकाश वर आला, माझ्या छातीपर्यंत, माझ्या तोंडापर्यंत.