बेतिनाच्या गुहेतलं उत्तर

संध्याकाळचा वारा पडला की दुब्रोव्हनिकच्या तटातल्या पिले नावाच्या दरवाजाखालच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर ओर्सातची लगबग सुरू व्हायची. कयाक या अरुंद होड्यांतून गुहेच्या सफरीला निघालेल्या पाहुण्यांना जाकिटं चढवायची, उलटं धरलेलं वल्हं सुलटं करून द्यायचं, आणि पाण्यात पडलेला फोन समुद्राच्या मालकीचा, हा रोजचा विनोद रोजच्याच चेहऱ्यानं सांगायचा. त्या दिवशी विनोद अर्ध्यावरच राहिला. पायऱ्यांवरून लुत्से मावशी उतरत होती. अंगात काळे कपडे, हातात कागदी पिशवी.

ही निक्शाची आई. निक्शा आणि ओर्सात याच किनाऱ्यावर बरोबरीनं गाइड झाले होते. तीन उन्हाळ्यांपूर्वी निक्शा बेतिनाच्या गुहेपाशी पोहायला उतरला, तो वर आलाच नाही. दुब्रोव्हनिकच्या निम्म्या होड्या त्याला शोधत होत्या, पण हाती काही लागलं नाही.

"एक जागा होईल का रे?" मावशीनं विचारलं. "बाजारात दोन पोरी बोलत होत्या. म्हणे गुहेत माझा निक्शा उत्तर देतो."

ओर्सातचे कान तापले. आजची सफर भरलीय असं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. पण त्याच्या होडीतली पुढची बैठक रिकामी होती आणि ती मावशीला दिसत होती.

सुरुवातीला त्यात काहीच वाईट नव्हतं. गुहेपाशी आलं की तो कयाकच्या कडेवर वल्ह्यानं तीन ठोके द्यायचा, मित्राला रामराम केल्यासारखे. एकदा कुणीतरी विचारलं, त्यानं सांगितलं, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. ते ओर्सातला आवडलं. मग गोष्टीला पाय फुटले. पुढं त्याचा जोडीदार स्तियेपो खडकाआड दडून लगेच तीन ठोके परत द्यायला लागला. पाहुणे आधी दचकायचे, मग टाळ्या वाजवायचे, आणि त्या गलक्यातच होड्या वळायच्या. कधीकधी पाठ फिरल्यावरही मागून ठोके ऐकू यायचे. तेव्हा ओर्सात स्तियेपोवर डाफरायचा. "एकदा झालं ना? सोंग किती ताणायचं?" आपण परत वाजवलंच नाही, अशी स्तियेपो आईची शपथ घ्यायचा. त्याच्या शपथा धरायच्या तर अख्खा समुद्र त्यानं पोहून पालथा घातला होता, म्हणून ओर्सात ते कानाआड करायचा.

तटाच्या भिंती उतरत्या उन्हात मधासारख्या दिसत होत्या. खडकातल्या दारूच्या अड्ड्यावरून पोरं पाण्यात उड्या टाकत होती. मावशी तिकडं बघत नव्हती. लोक्रुम बेट उजव्या हाताला आलं, तेव्हा तिनं वळून पिशवी पुढं केली. आत साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली होत्या. तिच्या स्वयंपाकघरात निक्शाशी भांडून भांडून ओर्सातनं त्या खाल्ल्या होत्या. त्यानं एकच उचलली. हिनं चार शिव्या हासडल्या असत्या तरी बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

गुहेपाशी त्यानं स्तियेपोला बजावलं, पाहुण्यांना घेऊन बाहेरच थांब, माझ्या नजरेसमोर. स्तियेपोनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि दोन्ही हात वर करून दाखवले.

मावशीला घेऊन तो आत शिरला. पाणी काळंभोर होतं. गार, ओल्या दगडाचा वास येत होता.

"रोज करतोस तसं कर," मावशी म्हणाली.

"मावशी, नको."

"परक्यांसाठी करतोस. माझ्यासाठी कर."

ओर्सातनं वल्हं उचललं. तीन ठोके दिले; तिसरा धड लागलाच नाही.

काहीच आलं नाही. लाट दगडगोट्यांवर चढली, उतरली.

त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली. मग त्यानं सगळं ओकून टाकलं. "तो स्तियेपो वाजवतो. मीच शिकवलं त्याला. तुझ्या पोराचा मी तमाशा केला, मावशी. टाळ्यांसाठी."

"ते मला बाजारातच कळलं होतं," ती म्हणाली. "गप्प बस आता. थांब जरा."

ते थांबले. बाहेर कुणीतरी खोकलं, तेही शांत झालं. गुहेच्या तोंडाशी स्तियेपो तसाच बसला होता, वल्हं मांडीवर.

आतून, खालून कुठूनतरी, दोन ठोके आले.

मग बराच वेळ काही नाही.

मग एक.

हे ठोके ओर्सातनं ऐकलेले होते. टाळ्यांच्या मागे, पाठ फिरल्यावर, किती संध्याकाळी.

मावशी रडली नाही. "घरी यायला उशीर झाला की दार असंच वाजवायचा," ती हळूच म्हणाली. "बाप जागा होऊ नये म्हणून. दोन, आणि मी उठलेय का ते ऐकून मग एक." ती त्याच्याकडं वळली नाही. "रोज बोलावलंस रे त्याला. आणि रोज तो यायच्या आत निघून गेलास."

ओर्सातला तोंड लपवायला जागा नव्हती. त्यानं कयाक वळवली.

परतताना वल्हं जड जात होतं. अंधारून आलं होतं, तटावरचे दिवे लागले होते. स्तियेपो मागून जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "तुझी होडी एवढी खाली का बसलीय? पाणी शिरलंय का?" ओर्सातनं खाली पाहिलं. दोघांच्या मधल्या, पोरांसाठी असलेल्या रिकाम्या बैठकीपाशी कयाकची कड पाण्याला टेकली होती. आत पाणी नव्हतं. मावशीनं पिशवी त्या बैठकीवर ठेवली होती आणि ती पुढं बघत होती.

किनाऱ्यावर पाहुण्यांनी रोजच्यासारख्या टाळ्या वाजवल्या. ओर्सातला त्या थोबाडीत मारल्यासारख्या लागल्या.

मावशी उतरली. तिनं पिशवी घेतली नाही. ओर्सातनं ती द्यायला उचलली, तर रिकामी होती. तो काही बोलायच्या आत ती पायऱ्या चढून वर गेली होती, एकेका पायरीवर थांबत, कुणाच्या तरी पावलांशी जुळवून घेत.

वर लोखंडी फाटक होतं. ते आपोआप बंद व्हायचं, म्हणून सगळे घाईनं आत शिरायचे. मावशी आत गेली आणि तिनं फाटक हातानं धरून ठेवलं. मागचा माणूस आत येईपर्यंत धरतात तेवढा वेळ.

मग सोडलं.