समोरच्या माणसाचा शॉट

टेबलावर मिसळीच्या चार बशा होत्या आणि खुर्च्यांवर माणसं तीनच.

पडद्यावर तेजोमय, ऊर्वी आणि रेहान पाव मोडत होते, एकमेकांच्या बशीतलं फरसाण पळवत होते. चौथ्या खुर्चीची लाल पाठ आणि तिच्यामागची कॅन्टीनची पिवळी भिंत स्वच्छ दिसत होती. त्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला, "पुढच्या वर्षी आपण कुठे असू रे सगळे?" आवाज शाल्मली थोरवडेचा होता. ती स्वतः एडिटिंगच्या खोलीत त्या तिघांच्या मागे उभी राहून हे बघत होती.

"पट्टी गंडलीय," ऊर्वी म्हणाली.

"तिघांच्या तिन्ही?" रेहानने विचारलं.

तेजोमय दिग्दर्शक होता, म्हणून त्याने "रीटेक" असं उत्तर दिलं.

माध्यम अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला चौघांच्या गटाने एक लघुपट करायचा असे. कॅमेरा मात्र हल्ली कुणी हातात धरत नव्हतं. डोक्याला कपाळापासून मागपर्यंत एक मऊ पट्टी बांधली की झालं. तिला लक्षपट्टी म्हणत. माणसाला जे दिसतं, ते ती मेंदूच्या मागच्या भागातून थेट टिपून घेई आणि त्यातून लक्षपट तयार होई. आवाज तेवढा अजून साध्या माइकनेच घेत. लग्नवाल्यांनी मात्र जुना कॅमेरा सोडला नव्हता. लग्नात कोण नक्की कोणाकडे बघतं, याची नोंद ठेवणं त्या धंद्याला परवडणारं नव्हतं.

गटाची गोष्ट साधी होती. चार मित्रांचा कॉलेजातला शेवटचा दिवस. चौघांनीच चार भूमिका करायच्या आणि एकमेकांना बघायचं. शाल्मलीकडे भूमिकेखेरीज आवाजाचं कामही होतं. ती या गटात कशी आली हे कुणाला नीट आठवत नव्हतं, पण माइक चार्ज केलेले असत, जागेची परवानगी काढलेली असे, आणि ते तिनेच केलेलं असे.

रीटेकमध्येही खुर्ची रिकामीच आली.

तेव्हा प्रकरण डॉ. वसुमती रेगे यांच्याकडे गेलं. रेगेबाई मूळच्या मेंदूशास्त्राच्या. लक्षपट्टीवर काम करता करता त्या माध्यम विभागात आल्या आणि इथेच रमल्या. त्यांनी तिन्ही पट्ट्या तपासल्या, चित्रण दोनदा बघितलं आणि तिघांना बाहेर पाठवून शाल्मलीला बसायला सांगितलं.

"पट्ट्या उत्तम आहेत," त्या म्हणाल्या.

"मग मी कुठे गेले, मॅडम?"

"डोळा कॅमेऱ्यासारखा असतो, असं शाळेत शिकवतात. तसा तो नसतो. स्पष्ट दिसतो तो मधला एवढासा तुकडा, हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढा. बाकीचं मेंदू अंदाजाने भरतो. आपल्या प्रत्येक डोळ्यात एक जागा तर चक्क आंधळी असते. पण तुला कधी जगात भोक दिसलंय? नाही. कारण मेंदू तिथे आजूबाजूचा रंग सारवून टाकतो. आम्ही त्याला भरणा म्हणतो."

"म्हणजे मी भरण्यात गेले."

"हो," रेगेबाई म्हणाल्या. गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना जमत नसे. "त्यांना तुझा आवाज ऐकू आला, पुढचं वाक्य कधी म्हणायचं ते कळलं. तेवढ्यावर त्यांचं काम झालं. तू तिथे असणारच हे मेंदूला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीवर तो मेहनत घेत नाही."

"त्यांना मी आवडत नाही का?"

"तसं असतं तर तू ठसठशीत आली असतीस. नावडती माणसं फार स्पष्ट येतात."

शाल्मलीला हसू आलं. वर्गात ती एकटी पडते हे तिला ठाऊक होतं. पण आपण लाजाळू आहोत, मनाला लावून घेतो, एवढंच ते असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातलेली होती. आता एकटं पडण्याचा पुरावा मिळाला होता, तोही तिन्ही बाजूंनी.

तिघांना कारण कळल्यावर ते ओशाळले. रेहानने दोनदा सॉरी म्हटलं. मग त्यांनी पुन्हा मिसळ मागवली आणि या वेळी तिच्याकडे डोळे फाडून बघितलं. चित्रण आलं तेव्हा चौथ्या खुर्चीवर एक भुवई होती, दातांवरची तार होती, कानातला खडा होता. मधे पिवळी भिंत.

"जे मुद्दाम निरखलं तेवढं आलं," रेगेबाई म्हणाल्या. "त्याचा माणूस होत नाही. माणूस सगळा मिळून दिसावा लागतो, आणि ते ठरवून करता येत नाही."

"कधीच?" शाल्मलीने विचारलं.

"होतं कधीकधी. सवय लागून. पण एका दिवसात नाही."

लघुपट द्यायची तारीख तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी तेजोमय उड्या मारतच आला. "डोक्यात आलंय! चौथी मैत्रीण मेलेलीच दाखवू. तिघं कॅन्टीनमध्ये येतात, तिच्यासाठी बशी मांडतात आणि रिकाम्या खुर्चीतून तिचा आवाज येतो. सगळं शूटिंग तसंच्या तसं वापरता येतं. भन्नाट होईल ना, शाल्मली?"

"होईल," शाल्मली म्हणाली. आणि खरंच होणार होतं, म्हणून तिला जास्त राग आला.

"फक्त शेवटी ती एकदा दिसायला हवी. जेवणाचं ताट, समोर तिचे वडील. त्यांच्या आठवणीत ती स्पष्ट दिसते. एक शॉट वडिलांच्या पट्टीतून तिचा, आणि मग रिव्हर्स शॉट, म्हणजे तिच्या पट्टीतून समोरच्या वडिलांचा. बाप-लेक एकमेकांना बघतायत. तू घरी दिसत असशीलच ना कुणाला?"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण तो प्रश्न घेऊन शाल्मली शनिवारी कऱ्हाडच्या एसटीत बसली. दोन पट्ट्या तिने पिशवीत ठेवल्या होत्या आणि पिशवी मांडीवर. घरी अण्णा होते, म्हणजे तिचे वडील. आई ती शाळेत असतानाच गेली होती. अण्णांच्या पट्टीतूनही खुर्ची रिकामी आली, तर मग जगात दुसरं विचारायला कुणी उरत नव्हतं. साताऱ्याला तिला वाटलं, उतरावं आणि परत जावं. शॉट मिळाला नाही म्हणून सांगावं.

अण्णा दूध डेअरीच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते. लेक येणार म्हणून त्यांनी आमटी, भाकरी आणि भरलं वांगं केलं होतं. पट्टी हातात घेऊन त्यांनी उलटीसुलटी केली.

"शॉक-बिक नाही ना बसायचा?"

"नाही हो, अण्णा. नेहमीसारखं जेवायचं. बोलायचं. बास."

"आणि यात तू दिसणार?"

"तुमच्या यात मी, माझ्या यात तुम्ही."

"मीपण? मग थांब की जरा." ते आत गेले आणि केस ओले करून विंचरून, इस्त्रीचा बदामी शर्ट घालून आले. वरचं बटण लावलेलं होतं.

दोघं पट्ट्या बांधून जेवायला बसली. शाल्मलीने कॅन्टीनची सगळी हकिकत सांगितली. रेगेबाई, भरणा, तेजोमयने आपल्याला मारून टाकलं ते. अण्णा मधेमधे "अरारा" म्हणत होते, वाढत होते. टेबलावर तिचा मोबाइल सारखा उजळत होता. "मिळाला का शॉट?" तेजोमय विचारत होता.

जेवण झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला. अण्णा भांडी घासायला गेले. त्यांची पट्टी लॅपटॉपला जोडून तिने चित्रण सुरू केलं.

ती होती. सगळीच्या सगळी होती. आमटीतली मिरची बाजूला काढणारी, गाल बसलेले, मनगटावर माइकच्या स्टँडचा ओरखडा, एका बाहीची शिलाई उसवलेली. स्वयंपाकघर तिच्याभोवती धूसर झालं होतं, फळीवरचे डबे नुसते रंगाचे ठिपके होऊन गेले होते. आपण अशा दिसतो हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच तोंडावर हात धरून हसली. तिघांना पाठवायचा म्हणून तिने तो शॉट लगेच वेगळा काढून ठेवला.

मग रिव्हर्स शॉटसाठी तिने स्वतःची पट्टी जोडली.

आधी मोबाइल आला. त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. मग ताट, भाकरी, मिरची. आमटीचा डाव कुठूनसा आला, वाटीत रिकामा झाला आणि गेला. समोरची खुर्ची दिसली. तिच्यामागे भिंतीवर डेअरीचं कॅलेंडर होतं, त्यावरचे आकडेही दिसत होते. "अरारा," खुर्ची म्हणाली. "मग गं?"

शाल्मलीने ते थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. पट्टी गंडली असेल, असं ऊर्वीसारखंच तिलाही वाटलं. मग तिने अण्णांचं चित्रण पुन्हा उघडलं आणि आता तिला त्यात मघाशी न दिसलेली गोष्ट दिसली. ती लख्ख दिसणारी मुलगी मोबाइलकडे बघत होती, ताटाकडे बघत होती, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिने समोर एकदाही बघितलं नव्हतं. आपल्याला कुणी बघत नाही, हेच ती तोंड भरून सांगत होती.

तिला रडू आलं नाही, लाज वाटली. अण्णा तिथे असणारच. ते ठाऊक होतं.

"अण्णा, एक रीटेक घेऊ या?" तिने आत हाक मारली.

"का? हललो का मी?"

"नाही, थोडा उजेड कमी पडला."

अण्णा ओले हात पुसत आले, पुन्हा केसांवरून हात फिरवला आणि पट्टी लावून समोर बसले. आता तिनेही पट्टी लावली आणि मोबाइल पालथा ठेवला. ती त्यांच्याकडे बघत राहिली. चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला होता. कानाच्या पाळीवर तीळ होता. हा तीळ आधीपासून होता? दाढी करताना हनुवटीखाली थोडी राहून गेलेली होती. बघता बघता तिचे डोळे चुरचुरायला लागले.

"असं काय बघतीस?" अण्णा अवघडून म्हणाले. "बोल की काहीतरी."

"बोलते ना. तुम्ही बरे आहात ना, अण्णा?"

"मला काय धाड भरलीय?"

तिने चित्रण लावलं. खुर्चीवर चष्मा होता. दोरा गुंडाळलेली काडी, जरा बाजूला तीळ, खाली बदामी शर्टाचं लावलेलं वरचं बटण. बाकी भिंत, आणि भिंतीवर कॅलेंडर. चष्म्याच्या काचांमागे सोमवार-मंगळवार दिसत होते.

अण्णा कधी मागे येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही. ते पडद्यावर वाकले. रेगेबाईंचं म्हणणं तिने त्यांना जेवताना नीट समजावून सांगितलं होतं, भरण्यासकट.

"चष्मा माझाच आहे की," मग ते म्हणाले. "अन् बटणसुद्धा आलंय बघ. चांगलं आलंय."

"अण्णा, तसं नाहीये ते. मी परत करते. रेगेबाई म्हणाल्यात, सवयीने होतं."

"करू की. घाई काय आहे?" त्यांनी डोक्यावरची पट्टी काढून, घडी करून तिच्याजवळ ठेवली. "दूध आलंय. चहा टाकू का?"

शाल्मली चित्रण मागे नेत होती, पुढे नेत होती, तीळ आणि चष्मा यांच्या मधे कुठे गालाची कड तरी सापडते का ते शोधत होती.

"टाका," ती मान वर न करता म्हणाली.