मधली

दुपारची भट्टी उतरली की म्हातारी पिठाच्या पोत्यावर टेकायची. पाय भरून आलेले, कंबर धरलेली, जीभ तेवढी ताजी. नवऱ्यामागे तिने ही बेकरी चालवली होती आणि तीन पोरी वाढवल्या होत्या. थोरली प्रयोगशाळेत यीस्टवर काम करायची, मधली भट्टी सांभाळायची, धाकटी गिऱ्हाईक बघायची.

प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडला म्हणून थोरलीने यीस्टची एक बरणी घरी आणून ठेवली होती. म्हातारीने ती आपलीच समजून पिठात रिकामी केली.

"आई, अगं ते पावासाठी नव्हतं!"

"यीस्ट ते यीस्ट. त्याला काय वेगळी शेपटी असते?"

थोरली कपाळ धरून बसली. "पेशी जनुकाची नक्कल उतरवते ना, ती उतरत असतानाच कात्री चालते. मधला नको तो भाग काढायचा, दोन टोकं जोडायची. उतरवणारा आणि कापणारा एका तालात चालतात. या यीस्टमध्ये मी तो ताल बिघडवलाय. हे कामाचंही कापतं."

"म्हणजे तुझा मामाच की! त्याने शिवलेल्या सदऱ्याला बाह्याच नसायच्या."

मधली खळखळून हसली. पाव मात्र झकास फुगला. चौघींनी गरमगरम खाल्ला.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि मधल्या पायऱ्या न चढताच ती वर पोचलेली होती. थकल्या जिवाला बरंच वाटलं त्याचं.

मग धाकटी म्हणाली, "आई, तो दूधवाला म्हणून मी दार लावून घेतलं."

"मधलं वाक्य काय गिळलंस?"

"सगळं तर सांगितलं!"

संध्याकाळी टेबलावर तीनच ताटं होती.

"मधलीचं कुठाय?"

"कोण मधली?" धाकटी म्हणाली. "आम्ही दोघीच की."

म्हातारी तरातरा पोरींच्या खोलीत गेली. दोन खाटा एकमेकींना चिकटून होत्या. मधे तिसरी मावेल एवढी जागाच नव्हती. भिंती जवळ आल्या होत्या, आणि रंगाला कुठे साधा तडाही नव्हता.

तिने थोरलीचं मनगट धरलं. "तू कापलंस, तूच जोड. माझी पोर परत आण."

"जोडलेलंच आहे, आई," थोरली गोंधळून म्हणाली. "काय तुटलंय?"

म्हातारीने ठरवलं, आपण विसरायचं नाही. विसरलो की ती गेली. ती भट्टीपुढे बसली आणि मोठ्याने म्हणू लागली.

"थोरली, मधली, धाकटी. थोरली, मधली, धाकटी."

घसा सुकला. डोळे मिटायला लागले. तिने स्वतःला चिमटा काढला.

"थोरली, मधली, धाकटी. थोरली, म... धाकटी."

"थोरली, धाकटी."

धाकटी पाणी घेऊन आली. "आई, किती वेळ आमचा जप करतेस?"

म्हातारी ताठ बसली. "का नाही करणार? दोन पोरी वाढवल्यात एकटीने. एकीलाही कधी नजरेआड होऊ दिलं नाही."