पॅन नंबर तीन

पहिल्याच भेटीत त्यानं माझा हात धरला... आणि तोही रागानं!

साखर कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून मी एका पाइपला टेकणार, तेवढ्यात मनगटाला हिसका बसला.

“ओ म्याडम! वाफेचा पाइप हाय तो. कातडी सोलून निघंल! कुठून आलात?”

“पुण्याहून,” मी म्हणाले. मग त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघून हळूच सांगितलं, “म्हंजी... कंपनी पुण्याची. मी आपल्या केज तालुक्यातलीच. शिवकन्या.”

“मंग आधी सांगायचं ना,” तो हसला. माझं मनगट अजून आपल्याच हातात आहे, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यानं ते सोडलं... पण घाईनं नाही.

तो शहादेव. पॅन नंबर तीनवरचा पॅनमन. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा पाडणारी, घराएवढी बंद कढई. दाणा कधी धरला, किती वाढला, कधी खाली सोडायचा, हे पॅनमन ठरवतो. आणि मी आले होते सेन्सर बसवायला, म्हणजे ते सगळं यापुढे कॉम्प्युटरनं ठरवावं म्हणून. त्याचं काम काढून घ्यायलाच आले होते म्हणा ना! त्यालाही ते ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी चहा आणला.

“साखर कमी हाय,” मी घोट घेऊन म्हटलं.

“उद्यापासून सेन्सरला इचारून टाकत जाऊ!”

मला हसू आवरेना. तो मात्र गंभीर चेहऱ्यानं पॅनकडे बघत राहिला. फक्त मिशीच्या कडेला काहीतरी हललं.

माझे आईबाबा वीस वर्षं ऊस तोडत होते. मी त्यांच्याबरोबर अशा कारखान्यांच्या फाटकापर्यंत किती वेळा गेले होते, आत मात्र कधीच नाही. हे मी त्याला सहज सांगून गेले. मग पॅनमधून थोडा पाक काढून त्यानं काचेच्या पट्टीवर पसरला आणि पट्टी खिडकीच्या उजेडात धरली.

“बघा. बाबांनी तोडलेल्या उसाचं हे असं व्हतं.”

तपकिरी पाकात हजार बारीक दाणे चमचम करत होते. माझे डोळे उगाच भरून आले.

“बोट फिरवा. दाणा बोलतो.”

“काय बोलतो?”

“म्हणतो, म्याडमनी इतकं जवळ उभं राहू नये... पॅनमनचं ध्यान उडतं.”

मी एक पाऊल मागे सरकले. अर्धंच.

चाचणीच्या दिवशी कंट्रोल रूममध्ये सगळे साहेब खुर्च्या टाकून बसले होते. चाचणी पास झाली की सहा पॅनमनपैकी दोघंच राहणार, हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं. स्क्रीनवर सगळं हिरवंगार. मी सुटकेचा निःश्वास सोडला, तोच दार उघडून शहादेव आत आला. काचेची पट्टी त्यानं माझ्यासमोर ठेवली.

“बारीक दाणा सुटलाय. धुळीवानी. आता गरम पाणी देऊन तो इरघळवला न्हाई तर सगळा पॅन वाया जाईल.”

“पण स्क्रीनवर तर...” मी हिरव्या आकड्यांकडे बोट दाखवलं.

“स्क्रीन खोटं बोलत न्हाई, म्याडम. तिला दिसंना झालंय.”

साहेबांसमोर मशीन बंद करून हातानं चालवायचं म्हणजे माझी हार. आणि तो नुसता गप्प राहिला असता, तर मशीन बदनाम झालं असतं, त्याची नोकरी राहिली असती. हे माझ्या डोक्यात लख्ख आलं... आणि मी मशीन बंद करायचं बटण दाबलं.

तो पळतच पॅनवर गेला. अर्धा तास एकामागून एक पट्टी उजेडाला धरत होता, पाण्याचा व्हॉल्व्ह किंचित सोडत होता, आवळत होता. पॅन वाचला. नंतर सेन्सर काढून पाहिला, तर त्याच्या टोकावर साखरेचं पुट चढलं होतं.

“पॅन शहादेवनी वाचवला,” मी साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं. “माझ्या स्क्रीननं न्हाई.”

सेन्सर आपोआप धुतला जाईल अशी सोय मी केली. चार दिवसांनी चाचणी पास झाली. कामावर राहणाऱ्या पॅनमनची यादी लागली, तेव्हा तिच्यात शहादेव नव्हता.

म्हातारे पॅनमन धुळाजीकाका यादीत होते. तेच माझ्याजवळ येऊन डोळे पुसत म्हणाले, “पोरी, त्याचंच नाव व्हतं. माझी नोकरीची तीनच वर्षं राहिलीत म्हणून त्यानंच साहेबाला सांगितलं, काकाला ठिवा. आता मला वाफेत उभं राहायचं न्हाई, खुर्चीवर बसून बघायचं. तुझ्या मशीनचंबी भलं होवो, आन् त्याचंबी.”

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. अर्धा तास बोलले. मग शहादेवला शोधत गच्चीवर गेले. तो कठड्यापाशी उभा होता.

“त्या दिवशी कशाला आलात पट्टी घेऊन?”

“पॅन बिघडला असता तर तुमी रडला असता.” त्यानं खाली बघितलं. “ते आपल्याच्यानं बघवलं नसतं.”

“आमच्या कंपनीला दाणा ओळखणारा माणूस पायजे. जिथं जिथं मशीन बसंल, तिथं. मी तुमचं नाव दिलंय. त्यांनी बोलवलंय.”

तो माझ्याकडे वळला. “लई उपकार झाले, म्याडम.”

“उपकार न्हाई. गरज हाय.”

“कंपनीला?”

“कंपनीला हायच...” खाली उसाच्या गाड्या एकेक करून पुढे सरकत होत्या. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. “...आन् मलाबी.”

कठड्यावरचा त्याचा हात सरकत आला आणि माझ्या बोटांना लागून थांबला. या वेळी मी अर्धं पाऊलही मागे सरकले नाही.

“आईला सांगावं लागंल,” तो हळूच म्हणाला.

“नोकरीचं?”

“नोकरीचं उद्या सांगतो,” शहादेव म्हणाला. “हे आजच सांगतो.”