सतरा नंबरचा बिल्ला

खड्ड्यात उतरायच्या आधी दाराशी बोर्डावर बिल्ला लावायचा आणि वर आल्यावर ज्याचा त्यानंच काढायचा, हा एक नियम गयासचाचांनी मुलांकडून घोटून घेतला होता. पान्हा कसा धरायचा, वाफ कुठून कुठं जाते, हे मुलं विसरली तर ते पुन्हा सांगत. एकच गोष्ट चारदा सांगायचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. पण बिल्ल्याच्या बाबतीत सूट नव्हती.

जालन्यात रुळांच्या पलीकडे ती काळ्या दगडाची शेड होती, निजामाच्या राज्यात बांधलेली. मीटरगेजची वाफेची इंजिनं तिथं दुरुस्तीला येत. पुढे वाफ गेली, मोठी लाईन आली, शेडमध्ये काही वर्षं बियाण्याच्या गोण्या पडून राहिल्या. आता तिथं मुलांची तंत्रशाळा होणार होती. उरलेल्या रुळांवर एक जुनं इंजिन रंगवून उभं केलं होतं. त्याच्या पोटाखाली पुरुषभर खोल, विटांनी बांधलेला लांबलचक खड्डा होता. त्यात उभं राहून, चाकांच्या दांड्यांमध्ये डोकं घालून फिटर लोक इंजिनाची खालची कामं करत. त्या फिटरांपैकी गयासचाचा एकटेच उरले होते. वय अठ्ठ्याहत्तर.

दाराशी चाळीस खिळ्यांचा जुना लाकडी बोर्ड होता. चाचांनी बारा मुलांसाठी पत्र्याचे बारा बिल्ले कापले होते. स्वतःचा पितळी सोळा नंबर ते खिशात घालून येत.

"जोवर खिळ्यावर एक बी बिल्ला हाये, तोवर इंजिन हलत न्हाई," ते सांगत. "डायवर माणसाला न्हाई बघत. बोर्डाला बघतो."

सतरा नंबरबद्दल मात्र ते बोलत नसत.

सतरा नंबर त्रिंबकचा. दोघांचं बाक एक, चहाचा डबा एक. जो आधी वर येई तो दोघांचेही बिल्ले काढून एका तारेत ओवी आणि खिशात टाकी. चहाच्या वेळी दुसऱ्याचा त्याला देई. नियमात बसत नव्हतं, पण सगळेच जोडीदार करत. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाळी सुटताना गयास वर आला आणि सवयीनं दोन्ही बिल्ले काढून चालू लागला. त्रिंबक मागून येतोच आहे, असं त्याला वाटलं. त्रिंबक पान्हा विसरला म्हणून परत खड्ड्यात उतरला होता. बोर्ड मोकळा दिसला. इंजिन हललं.

चौकशीच्या कागदावर आलं, कामगारानं बिल्ला लावलाच नव्हता. गयास गप्प राहिला. महिन्याभरानं त्यानं शहागडला जाऊन सतरा नंबर गोदावरीत फेकला.

आता ही तंत्रशाळा उभी करत होती ती मोनिका त्रिंबकची नात होती. भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं पाटी लिहिली होती: 'माझे आजोबा बिल्ला लावायला विसरले. तुम्ही विसरू नका.' उद्या उद्घाटन होतं, आणि मोनिकाची आजी कडूबाई पहिल्यांदाच तिथं येणार होती. धनी विसरणारा माणूस नव्हता, असं ती बाई त्रेचाळीस वर्षं सांगत आली होती. कुणी ऐकलं नव्हतं. आज काही झालं तरी मोनिकाला खरं सांगायचं, असं ठरवूनच चाचा घरून निघाले होते.

त्या आठवड्यात बारीकसारीक गोष्टी झाल्या होत्या. सोमवारी मुलं खड्ड्यातून वर आली ती घाम पुसत. खाली विटा गरम आहेत म्हणाली. चाचांनी हात लावून पाहिला. पोळत होत्या. बुधवारी पायरीवर तेलानं भिजलेला सुताचा बोळा सापडला. चाचांनी तो हुंगला आणि कचऱ्यात टाकला. तसलं तेल आता मिळत नाही.

आज दुपारी इंजिन दहा हात पुढे ओढायचं होतं. बाहेर ट्रॅक्टर साखळी लावून उभा होता. मुलांनी आपापले बिल्ले काढले. तेवढ्यात फलक नावाची मुलगी बोर्डापाशी थांबली.

"चाचा, सतरा नंबर किसका है?"

पितळी बिल्ला. हिरवा पडलेला. आकड्याच्या खाचेत ओली वाळू होती.

ठेकेदार ओमप्रकाश हसला. "चाचा, एखादं भूत हाजरी लावून राह्यलं." त्यानं हात पुढे केला.

"हात नको लावू," चाचा म्हणाले. "ज्याचा त्यानंच काढायचा."

"मंग त्याला बोलवा जल्दी. ट्रॅक्टर भाड्याचा हाये." तो हसत बाहेर गेला.

मोनिकानं मुलं मोजली. बारा होती. तरी चाचा खाली बघितल्याशिवाय इंजिन हलवू देईनात, तेव्हा ती मुलांना बाहेर लिंबाखाली बसवायला निघाली. जाता जाता म्हणाली, "बघून या, चाचा. पण सावकाश उतरा."

"बेटा, तुझ्या आजोबाचं एक सांगायचं हाये."

ती थांबली. चाचांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "वर आलो की सांगतो."

शेड रिकामी झाली. चाचांनी सोळा नंबर सतराच्या शेजारी लावला आणि पायऱ्या उतरले.

खाली उकडत होतं. गरम तेलाचा वास, त्यात तंबाखूचा. विटांना धरत ते मधोमध पोचले. कोणी नव्हतं. पलीकडच्या टोकाला, मुलांनी कधी पाहिला नव्हता असा एक पान्हा पडला होता. त्याच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली होती. त्रिंबकच्या तळहाताला घाम फार यायचा.

"त्रिंबक," चाचा म्हणाले. "चल वर. मी सांगतो सगळं."

वर बोर्डापाशी पितळ किणकिणलं.

एकदा. मग पुन्हा एकदा.

मग ओमप्रकाशचा आवाज. "ताई, बोर्ड मोकळा हाये बघा. एक बी बिल्ला न्हाई."

"चाचा वर येऊन नमाजला गेले असतील," मोनिका म्हणाली. "खाली कोणी नाही. ओढा तुम्ही."

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. साखळी ताठ होत गेली.

चाचांनी ओरडायला तोंड उघडलं. ट्रॅक्टरच्या घरघरीत त्यांचा आवाज बुडाला. उजवा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

खिशात दोन बिल्ले होते, एकाच तारेत ओवलेले. एक ओला होता.

डोक्यावर चाक करकरलं.