दुहेरी चुन्याचा कोपरा

जयपूरबाहेर, बस्सीजवळचे ते जुने विटांचे शेतघर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाडायचे होते. त्याआधी त्याची मोजमापे आणि फोटो घेऊन ठेवायचे काम अमिताकडे आले. नवरा लष्करी ड्युटीवर, शाळेला सुट्टी. म्हणून सात वर्षांची उत्कर्षाही बरोबर. मागच्या वर्षी झोपाळ्यावरून पडून पोरीच्या उजव्या हाताची करंगळी मोडली होती आणि बाहेरच्या बाजूला वाकडीच जुळली होती. वाकडी का असेना, बोट शाबूत आहे ना, अशी अमिताने मनाची समजूत घातली होती.

घर साधे, पण नेक बांधणीचे. पातळ लखौरी विटा, दोन हात रुंद भिंती, वर चुना. दर दिवाळीला चुन्याचा एक हात; पापुद्रे मोजले की घराचे वय कळते. बैठकीत अमिताने खरवडून मोजले तेव्हा एक्क्याण्णव भरले. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात मात्र बरोबर दुप्पट.

"वहाँ हमेशा दो बार पोतते हैं, मॅडमजी," राखणदारीण तारामती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "बच्ची को वहाँ अकेली मत छोडना..."

अमिता हसली. गावोगावच्या जुन्या घरांत असा एखादा कोपरा असतोच.

शेवटच्या पापुद्र्याखाली गेरूचा चिमुकला पंजा निघाला. पाचही बोटे सरळ.

"मम्मा, मतलब... हे कुणाचं हात आहे?" उत्कर्षाने तिच्या नेहमीच्या हिंदीमिश्रित मराठीत विचारले.

अमिताने फोटो काढला आणि जीभ चावली. शेजारी मापाची पट्टी ठेवायची राहिली होती. पट्टीशिवाय फोटो कामाचा नाही, आणि पट्टी तर गाडीत. ती गेली आणि आली, दोन मिनिटेही लागली नसतील.

उत्कर्षा भिंतीपासून दूर उभी होती, हात पाठीमागे.

"हात लावलास?"

"नाही, आई."

लेकीच्या तोंडून 'आई' ऐकून अमिताला बरेच वाटले. पट्टी ठेवून तिने दुसरा फोटो काढला आणि दोघी जयपूरला परतल्या.

संध्याकाळी जेवताना उत्कर्षाने पोळीचा तुकडा मोडला. अमिताचे लक्ष तिच्या हाताकडे गेले. करंगळी सरळ होती.

अमिताने लॅपटॉप उघडला. पहिल्या फोटोत पाचही बोटे सरळ. दुसऱ्यात, पट्टीशेजारी, करंगळी बाहेर वळलेली.

तिने गाडीची किल्ली उचलली.

"अंधार पडलाय, आई," मागून शांत, स्वच्छ मराठीत आवाज आला. "सकाळी जाऊ ना... सातनंतर."